साडेचार फूट

आईनं ताटातलं दगडफूल बोटांनी विसकटलं आणि एक तुकडा उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

“वाण्यानं यात तीन जाती घातल्यात बघ. ही तर मसाल्यातली नव्हेच.”

“मग टाक की.”

“टाकायची कशाला? डोंगरातनं इथवर आलीय बिचारी.” तिनं तो तुकडा बाजूच्या वाटीत ठेवला. “वाच तू. कुठं होतीस?”

मी कागद वर धरला. “‘परिषदेच्या प्रत्येक प्रकाशनात, ज्या संशोधकांनी प्रत्यक्ष रानात जाऊन नमुने गोळा केले आणि ओळखले, त्यांची नावे पहिल्या पानावर, संपादकांच्या नावांबरोबर, त्याच आकाराच्या अक्षरांत...’”

“आकारापर्यंत पोचेस्तोवर पाठारे घड्याळ बघायला लागेल.”

“मग काय करू?”

“आधी उदाहरण दे. एक माणूस उभा कर त्यांच्यापुढं. नुसता ठराव म्हणजे फोडणी नसलेली आमटी.”

“माणूस आहे. तौफिक आहे.”

“हं. तौफिक चांगला आहे.”

“अजून एक आहे,” मी म्हणाले. “घरातच आहे.”

आईचा हात ताटावर थांबला. मग तिनं पुन्हा निवडायला सुरुवात केली, पण आता ती काहीच बाजूला काढत नव्हती, नुसती बोटं फिरत होती.

“ते उदाहरण द्यायचं नाही,” ती म्हणाली.

तो शनिवार होता. मी पुण्याहून आदल्या संध्याकाळी सांगलीला आले होते. पुण्यात एका संस्थेत मी शेवाळांवर काम करत होते, दर वर्षी नव्यानं करार व्हायचा. आई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. कनिष्ठ महाविद्यालयात तिनं जीवशास्त्र शिकवलं, पण मनानं ती दगडफुलांचीच होती. माझं नाव ती एका दगडफुलाच्या लॅटिन नावावरून उस्निया ठेवणार होती. आजीनं ते हाणून पाडलं आणि मी ऋजुता झाले. आई रागावली की अजून उस्नी म्हणायची.

आम्ही दोघी अपुष्प वनस्पती परिषदेच्या सभासद होतो. ज्यांना फूल येत नाही अशा सगळ्यांचा अभ्यास करणाऱ्यांची ही संघटना: नेचे, शेवाळं, बुरश्या, दगडफुलं. दोन वर्षांपूर्वी परिषदेनं कार्यकारिणीत ‘तरुण संशोधक प्रतिनिधी’ अशी नवी जागा काढली होती आणि राज्यभरातल्या पीएच.डी. करणाऱ्या, कंत्राटावर असणाऱ्या मुलामुलींनी मला निवडून दिलं होतं. तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते.

“तेहतिसाव्या वर्षी तरुण!” आई म्हणाली होती. “आमच्यात या वयाला बायका सुना बघायला लागायच्या.”

प्रतिनिधीची खुर्ची चहाच्या टेबलाजवळ असे. अध्यक्षांनी परवानगी दिली तर बोलायचं, मत द्यायचं नाही. वार्षिक सभेत एक ठराव मांडता येई, तोही सभेला स्वतः हजर राहून. आणि एक काम हक्काचं होतं, शोकप्रस्ताव वाचणं. वर्षभरात वारलेल्या सभासदांची नावं कार्यकारिणीतल्या सगळ्यांत लहान माणसानं वाचायची, अशी परिषदेची फार जुनी रीत होती. सभा सुरू व्हायच्या आधी सगळे उभे राहत. वाचणाऱ्यानं नावं वाचायची आणि शेवटी दोन मिनिटं स्तब्धता जाहीर करायची. तेवढा वेळ अध्यक्षसुद्धा बोलत नसत.

“लहान माणसानंच का गं वाचायचं?” मी आईला एकदा विचारलं होतं.

“म्हाताऱ्यांना यादी वाचताना पुढची जागा रिकामी दिसते ना, म्हणून.”

आमचे अध्यक्ष होते डॉ. राजोपाध्ये. त्यांची ‘राजोपाध्ये मापनी’ आम्ही सगळे वापरायचो, आजही वापरतात. आंब्याच्या खोडावर कुठली दगडफुलं आहेत ते बघून तिथली हवा कशी आहे ते सांगायचं. हवा बिघडू लागली की आधी केसांसारखी लोंबणारी जातात, मग पानांसारखी, शेवटी खपलीसारखी चिकटलेली तेवढी उरतात. चांगल्या हवेला नऊ गुण, वाईटाला शून्य. आई कुठल्याही गावात एसटीतून उतरली की आधी एखाद्या आंब्यापाशी जाई, सरळ उभी राहून खोडाकडे बघे आणि आकडा सांगे. “इथली हवा तीन. चल, चहा पिऊ.”

आमच्या घरात त्या मापनीला विमलपट्टी म्हणत. हे नाव बाबांनी दिलं होतं. आईचं नाव विमल. बाबा गेले तेव्हा मी पाचवीत होते, त्यानंतर घरात ते नाव कुणी काढलं नाही.

“का द्यायचं नाही?” मी विचारलं.

“कारण तो विषय संपलाय.”

“तुझ्यासाठी संपला असेल. ते अजून त्याच मापनीवर हारतुरे घेतात.”

“घेऊ देत. सर म्हणून वाईट नव्हते ते. तुझे बाबा गेल्यावर माझ्या नोकरीसाठी संस्थेच्या माणसांकडं स्वतः गेले, शब्द टाकला. त्या माणसानं आपल्याला उघड्यावर पडू दिलं नाही, ऋजू.”

“म्हणजे तो मापनीचा मोबदला झाला.”

“मोबदला-बिबदला काही नाही. मी ती देऊन टाकली. दिलेल्या वस्तूवर परत हात ठेवू नये.”

“आणि तौफिकनंही त्याची देऊन टाकावी?”

वाटीतला तो वेगळा काढलेला तुकडा तिनं उचलला, उलटा करून त्याची खालची काळी बाजू बघितली.

“तौफिकचं तू बघ,” ती म्हणाली. “त्याच्यासाठी भांड. माझं मात्र मी असेपर्यंत काढायचं नाही.”

“असेपर्यंत म्हणजे?”

“म्हणजे असेपर्यंत. पुढचं मी कशाला ठरवू? वरनं खाली बघत बसायला मी काय गच्चीवर असणार आहे?”

दोघीही हसलो.

दुपारी तौफिक जेवायलाच आला. तौफिक मुलाणी, कराडचा. सहा फूट उंच, दारातून येताना सवयीनं मान खाली घालणारा. परिषदेनं सह्याद्रीतल्या दगडफुलांचा नकाशासंग्रह काढायला घेतला होता आणि त्यासाठी त्यानं तीन वर्षं घाट पालथे घातले होते. गोळा करणं त्याचं, ओळखणं त्याचं, प्रत्येक ठिकाणच्या हवेचा आकडा त्याचा. छपाईआधीचं पहिलं पान तो दाखवायला घेऊन आला होता. त्यावर दोनच नावं होती, संपादक राजोपाध्ये आणि सहसंपादक पाठारे. पाठारे परिषदेचे कार्यवाह आणि तौफिकचे मार्गदर्शक.

“तुझं कुठाय?” आईनं विचारलं.

“शेवटी, काकू. आभारात. छापखान्याच्या वर.”

“छापखान्याच्या वर तरी आहेस,” आई म्हणाली. “भात घे.”

त्यानं भात घेतला, पण कालवला नाही. “पुढच्या महिन्यात छापायला जाणार. त्यानंतर मुलाखत आहे माझी, कायमच्या जागेसाठी. ते विचारणार, तुमचं काम दाखवा. मी हे पुस्तक पुढं केलं तर म्हणतील, हे तर राजोपाध्ये सरांचं. मग तीन वर्षं मी काय केलं हे कुणाला सांगू?”

“आणि नाही झालं तर?” मी विचारलं.

“मामाचं खतांचं दुकान आहे. तो रोज फोन करतो.”

“ताठ बस रे आधी,” आई त्याला म्हणाली. “या वयात पोक काढतोस.”

“तुमच्या दगडफुलांनीच काढलंय पोक. तीन वर्षं खोडापुढं वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला झाला. नियम काय, तर जमिनीपासून साडेचार फुटांवरच बघायचं. राजोपाध्ये सर माझ्याएवढे उंच. त्यांनी स्वतःच्या कंबरेचा तरी विचार करायचा की नाही?”

आई हसायला लागली. हसता हसता तिनं डाव्या हातानं पदर डोळ्यांना लावला, तरी हसू थांबेना. तौफिक आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. इतकं हसण्यासारखं त्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

“असू दे,” ती शेवटी म्हणाली. “वाकावं रे माणसानं झाडापुढं. बिघडत नाही.”

जाताना तिनं त्याला डबा भरून दिला. संध्याकाळी आम्ही बाजारात गेलो. तिनं मसाल्यासाठी सुकं खोबरं घेतलं, परिषदेच्या अधिवेशनाला नेसायला इस्त्रीला टाकलेली साडी आणली. सकाळी गारव्यात मसाला भाजायचा, असं तिनं ठरवलं होतं.

मला जाग आली ती वासानं. मसाल्याचा नव्हे, जळकट. मी स्वयंपाकघरात गेले. कढईतलं दगडफूल काळं होऊन धूर सोडत होतं आणि आई ओट्याखाली कुशीवर पडली होती, झारा तिच्या हाताजवळ होता. मी आधी गॅस बंद केला. मग खाली बसले आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. शेजारच्या कुंभार वहिनी आल्या, त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी पायऱ्या चढायच्या आधी चपला काढल्या, तेव्हा मला वाटलं की यांना सांगावं, घालून या, घाई करा. पण घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे त्यांच्याआधी मला माहीत होतं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला सांगता येत नाही. माणसं आली आणि गेली. मावशीनं सगळं केलं. माझ्या लक्षात एवढंच राहिलंय की रोज सकाळी केस विंचरायला मी आईच्या आरशापुढे उभी राहायची. तो तिनं तिच्या उंचीला लावून घेतला होता, आणि ती पाच फुटांनाही कमी होती. लहानपणी त्यात माझा चेहरा नीट दिसायचा. आता स्वतःला बघायला मला गुडघ्यांत वाकावं लागे. एका सकाळी अशी वाकलेली असताना मला काहीतरी आठवतंय असं वाटलं, पण मावशीनं हाक मारली आणि ते निसटलं.

दिवसकार्य उरकलं आणि त्याच आठवड्यात साताऱ्याला परिषदेचं अधिवेशन होतं. मावशी म्हणाली, “जाऊ नकोस. कोण काय म्हणेल?” मी म्हणाले, “मी गेले नाही तर ठराव बाद होतो.” तिला ते कळलं नाही. तिनं दहीभाताचा डबा दिला.

अधिवेशन एका महाविद्यालयात होतं. फाटकाच्या आत एक जुना आंबा होता. मी आईच्या सवयीनं तिकडे वळले तर तिथे आधीच राजोपाध्ये सर उभे होते, काठी टेकून, एकटे. ऐंशीच्या घरात होते, पण अजून सरळसोट उंच. मला बघून त्यांनी काठी खोडाला टेकवली आणि माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. हे मी आजही नाकारत नाही.

“विमल अशी अचानक...” ते म्हणाले. “माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत गुणाची. कधी काही मागितलं नाही तिनं.”

“नाही मागितलं,” मी म्हणाले.

“मी ठरवलंय बाळ. तिच्या नावानं परिषदेचा पुरस्कार ठेवायचा. दर वर्षी, तरुण संशोधकासाठी. आज जाहीर करतो. तुला चालेल ना?”

खरं सांगायचं तर क्षणभर मला आनंद झाला. आईचं नाव, व्यासपीठावरून, दर वर्षी.

“इथली हवा बघितली का तू?” ते विषय बदलत म्हणाले. “थांब, बघू.” त्यांनी एक हात कंबरेवर ठेवला आणि सावकाश, कण्हत, वाकले. चष्मा वर सरकवून खोडाकडे बघू लागले. पांढऱ्या केसांचं ते मोठं डोकं माझ्या खांद्यापाशी आलं. त्यांना तसं वाकलेलं बघताना आरशापुढे निसटलेली ती गोष्ट मला सापडली. आई त्या दुपारी इतकी का हसली, तेही कळलं.

“पाच,” ते उठत म्हणाले. “पाच म्हणायला हरकत नाही. काय?”

“हो,” मी म्हणाले.

सभागृहाच्या दारात पाठारे सरांनी मला गाठलं. नेहमीप्रमाणे त्यांच्या हातात फाइल आणि कपाळावर आठी होती, पण आवाज मऊ केला होता.

“फार वाईट झालं, मॅडम. तुम्ही आलात हेच खूप. हा शोकप्रस्ताव. सामान्य सभासदांची नुसती नावं असतात, पण अध्यक्षांनी सांगितलं म्हणून तुमच्या आईंबद्दल एक ओळ घातलीय. वाचवेल ना? नाहीतर मी वाचतो.”

“रीत आहे ना. मीच वाचते.”

“छान. आणि तो तुमचा ठराव यंदा राहू दे. अशा वेळी तुम्हाला वादात कशाला ओढायचं? त्याच जागी आम्ही पुरस्काराची घोषणा घेतलीय. किती चांगलं दिसेल बघा. ठराव पुढच्या वर्षी घेऊ, शांतपणे.”

“पुस्तक पुढच्या महिन्यात छापतंय.”

“पुस्तक वेगळं, ठराव वेगळा,” ते म्हणाले. “मुलांना आम्हीही शिकवलंय हो. नाव काय, होतंच हळूहळू. तुमच्या आईंनी कधी केली का घाई?”

ते पुढे गेले. तौफिक खांबाला टेकून उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं.

“ताई, नका मांडू,” तो म्हणाला. “खरंच. काकूंच्या नावाचा पुरस्कार मोडू नका माझ्यासाठी. मी मामाला होकार कळवतो. खतं काय वाईट नसतात, झाडांनाच घालतात.” तो हसायचा प्रयत्न करत होता.

“जेवलास का?” मी विचारलं.

“नाही.”

मी त्याला दहीभाताचा डबा दिला. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

आत जाऊन चहाच्या टेबलाजवळच्या माझ्या खुर्चीत मी पाठारे सरांचा कागद वाचला. वर एका माजी अध्यक्षांवर मोठा परिच्छेद होता. खाली नावं. सगळ्यांत शेवटी: ‘प्रा. श्रीमती विमल चौगुले. अध्यक्षांच्या संशोधनात मोलाचे साहाय्य.’ हाच शब्द मी आधी एकदा छापलेला पाहिला होता. ज्या लेखातून मापनी जगापुढे आली, त्याच्या अखेरीस एक ओळ आहे, ‘क्षेत्रकामात साहाय्य केल्याबद्दल कु. विमल माने यांचे आभार.’ आईचं माहेरचं नाव. त्या दोन ओळींच्या मध्ये तिचं सगळं आयुष्य होतं आणि शब्द बदलला नव्हता.

त्या दिवशी पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडं आहे. ठराव मी मांडला. तो पडला. हात वर करून मतं घेतली गेली आणि ज्यांनी मला निवडून दिलं होतं त्यांना मताचा अधिकार नव्हता. ते मागच्या रांगांमध्ये उभे राहिले, एवढंच त्यांना करता आलं. पुरस्काराची घोषणा झाली नाही, पुन्हा कधीच झाली नाही. नकाशासंग्रह दोन नावांनिशी छापला गेला. तौफिक मुलाखतीला जाऊन आला आणि त्या दिवाळीत मामाच्या दुकानात बसू लागला. पुढच्या वर्षी ‘तरुण संशोधक प्रतिनिधी’ ही जागा घटनेतून काढून टाकली, कारण म्हणे तिचा उपयोग दिसला नाही. राजोपाध्ये सर त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत आणि आता तेही नाहीत. मापनीला अजून त्यांचंच नाव आहे. मी शेवाळांचं काम सोडून दिलं. आता एका शाळेत शिकवते, आणि मुलांना आंब्यापाशी नेते.

लोक मला विचारतात की मग मिळवलंस काय. तेव्हा मला ती सभेच्या आधीची वेळ आठवते.

सभागृह भरलेलं होतं. पाठारे सर म्हणाले, “सर्वांनी कृपया उभं राहावं. शोकप्रस्ताव.” खुर्च्या सरकल्या. पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. मी ध्वनिक्षेपकापाशी गेले आणि माजी अध्यक्षांवरचा परिच्छेद वाचला. मग नावं वाचली, एकेक, मध्ये थांबून, कारण प्रत्येक नावाचं कुणीतरी तिथे असेल असं मला वाटत होतं. शेवटच्या नावापाशी आले. कागदावर ओळ होती. ‘मी असेपर्यंत’ हे तिचे शब्द मला ऐकू आले. ते हसत म्हटलेले होते. ती मुभा होती की नुसती थट्टा, हे विचारायला आता कुणी नव्हतं. ती असती तर मी गप्प बसले असते, आणि गप्प बसायला मी आनंदानं तयार होते. पहिल्या रांगेत राजोपाध्ये सर मान खाली घालून उभे होते. मागच्या दाराशी तौफिक उभा होता, डबा हातात धरून.

मी कागदाची घडी केली.

“प्राध्यापक विमल चौगुले,” मी म्हणाले. “पूर्वीच्या विमल माने. ही माझी आई. राजोपाध्ये मापनी म्हणून आपण जी वापरतो, ती हिनं केली. आंब्याची खोडं हिनं सायकलवरून हिंडून, एकटीनं, दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे बघितली. त्या लेखात हिचं नाव आभारात आहे.”

पाठारे सरांनी फाइल वर केली. पण सगळे उभे होते आणि शोकप्रस्ताव चालू होता. त्यांनी ती पुन्हा खाली घेतली. राजोपाध्ये सरांनी मान वर केली नाही.

“आपल्यापैकी पुष्कळांची मापनी वापरताना कंबर दुखते,” मी म्हणाले. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता, शांत. “मापनी सांगते, साडेचार फुटांवर बघा. का, ते कुठं लिहिलेलं नाही. त्याला शास्त्रीय कारण नाही. ती माझ्या आईच्या डोळ्यांची उंची आहे. ती झाडापुढं सरळ उभी राहायची आणि समोर जे दिसे ते लिहायची. वाकावं आपल्याला लागतं. तिला कधी लागलं नाही.”

कुठेतरी मागे कुणाच्या तरी हातातून पेन पडलं.

“हे मी तिच्या हयातीत बोलले नाही, तिनं बोलू दिलं नाही. आता बोलते आहे. मापनी माझ्या आईची आहे.” मी थांबले. मग रीतीप्रमाणे जे म्हणायचं असतं ते म्हणाले.

“आता दोन मिनिटं कुणीही बोलू नये.”